ग्रीक सैन्य रंगवायचंय? मग आधी ढालींकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बहिणीने परदेशातून येताना २८ मिमी उंचीच्या ग्रीक हॉप्लाइट्सचं, म्हणजे ढाल-भालेवाल्या पायदळाचं, खोकं आणलं. आत चाळीसच्या वर प्लास्टिकचे शिपाई, सगळे सुट्या तुकड्यांत. ब्रश आजवर हातात धरलेला नाही. बेत असा की सगळ्यांना लाल कपडे चढवून स्पार्टाचं सैन्य उभं करायचं. किती शिपाई पुरे, रंग कुठले, सुरुवात कुठून, आणि बहीण डिसेंबरात पुन्हा येतेय तेव्हा तिला आणखी काय आणायला सांगायचं?

छोटे शिपाई रंगवायचे आणि टेबलावर त्यांच्या लढाया खेळायच्या, या नादाला लागून मला सोळा वर्षं झाली. एक १५ मिमीचं आणि एक २८ मिमीचं अशी दोन ग्रीक सैन्यं पुरी केली. तिसरं कपाटात अर्धवट आहे आणि ते पुरं होईल यावर घरात आता कुणाचाच विश्वास नाही. तेव्हा खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

ग्रीक सैन्य म्हणजे ढाली, हे आधी डोक्यात पक्कं करा. हॉप्लाइटची गोल ढाल, तिला अस्पिस म्हणत, सुमारे ९० सेंमी व्यासाची असे. २८ मिमीचे शिपाई साधारण १:५६ प्रमाणात धरले तर ती १६ मिमीची होते. म्हणजे समोरून बघणाऱ्याला हनुवटीपासून मांडीपर्यंत शिपाई दिसतच नाही. वर शिरस्त्राण, खाली दोन नडग्या आणि मधे एक रंगीत चकती. चाळीस जणांची रांग टेबलावर मांडून दोन पावलं मागे सरकलात की डोळ्यांत भरतात त्या चाळीस चकत्या. हाताशी शंभर तास असतील तर त्यातले निम्मे ढालींना द्या आणि बाकीचं सगळं उरलेल्या निम्म्यात उरका. नवशिका नेमकं उलटं करतो. पहिल्या शिपायाच्या चपलांचे बंद रंगवण्यात त्याचा अख्खा रविवार जातो, ढालीपर्यंत पोचेस्तोवर जीव कंटाळलेला असतो, मग ढालीवर एक लाल पट्टा फिरवून सुटका.

आता लाल स्पार्टाबद्दल. मोह समजतो, मलाही झाला होता. ग्रीक इतिहासकार झेनोफनने स्पार्टाच्या लाल पोशाखाबद्दल आणि कांस्याच्या ढालीबद्दल लिहून ठेवलंय, त्यामुळे लाल रंग चुकीचा नाही. पण चाळीस माणसं एकाच लाल रंगात रंगवणं हे काम कंटाळवाणं आहे. बाराव्या शिपायाला तुम्ही ब्रश खाली ठेवाल, हे मी पैजेवर सांगतो. शिवाय स्पार्टा हा ग्रीसमधला अपवाद. अथेन्स, थीब्स, अर्गोस, कॉरिंथ इथला हॉप्लाइट म्हणजे स्वतःच्या पैशाने ढाल-भाला घेऊन आलेला नागरिक. शेजारच्याचं शिरस्त्राण आजोबांच्या काळातलं, याचं नवं कोरं, तिसऱ्याकडे चिलखतच नाही. गणवेश ही कल्पनाच तिथे फारशी लागू नव्हती. रंगवणाऱ्यासाठी ही चैन आहे, कारण प्रत्येक शिपाई वेगळा असला तरी तो चुकीचा ठरत नाही. आणि सिनेमातले उघड्या छातीचे, चामड्याच्या चड्डीतले स्पार्टन डोक्यात असतील तर ते आत्ताच काढून टाका.

म्हणून माझा सल्ला: शहर ठरवायच्या आधी साल ठरवा. शतक नव्हे, साल. इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या आणि इ.स.पू. ३७१ च्या ल्युक्ट्राच्या लढाईत लढलेल्या दोघांनाही आपण हॉप्लाइटच म्हणतो, पण मधे जवळजवळ एकशेवीस वर्षं गेली आहेत. आधीच्या काळात तोंड झाकणारं कॉरिंथियन शिरस्त्राण आणि नडग्यांवर कांस्याची कवचं सर्रास दिसतात. पाचव्या शतकाच्या अखेरीकडे शंकूच्या टोपीसारखं साधं पिलॉस शिरस्त्राण येतं, चेहरा उघडा पडतो, आणि बरेच जण, विशेषतः स्पार्टाचे, चिलखत घालणंच सोडतात. तुमच्या खोक्यात बहुधा दोन-तीन प्रकारची डोकी मिसळलेली असतील. जुन्या पद्धतीची डोकी थोडी आणि नवी जास्त घेतलीत तर ४३१ ते ४०४ या पेलोपोनीशियन युद्धाच्या काळात सगळं व्यवस्थित बसतं.

हाच काळ सुचवायला एक व्यवहारी कारणही आहे. आपल्याकडे हा खेळ खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. समोर इराणी सैन्य घेऊन कुणी बसेल याची वाट बघितलीत तर दहा वर्षं जातील. पेलोपोनीशियन युद्ध ग्रीकांनी ग्रीकांशी लढलं. म्हणजे दोन्ही बाजू तुम्हीच रंगवायच्या, अर्ध्या मित्राला द्यायच्या आणि खेळायला बसायचं. त्याने फक्त चहा आणावा.

संख्येचं सांगतो. डीबीए, म्हणजे डी बेलिस अँटिक्विटाटिस, ही १९९० साली आलेली नियमावली नवशिक्यासाठी मला अजूनही सगळ्यात बरी वाटते, कारण तिच्यात अख्खं सैन्य बारा बेसांचं, म्हणजे शिपाई चिकटवायच्या बारा चौकोनी तुकड्यांचं, असतं. २८ मिमीला एका बेसची रुंदी ६० मिमी आणि त्यावर चार हॉप्लाइट. हलक्या सैनिकांच्या बेसवर दोन. घोडेस्वारांच्या बेसवर तीन. नऊ-दहा बेस हॉप्लाइट्सचे, एखादा घोडदळाचा, एक-दोन हलक्यांचे, असं धरलं तर बेरीज चाळीस-पंचेचाळिशीवर थांबते. तुमचं एक खोकं म्हणजे जवळजवळ एक सैन्य झालं. मोठ्या नियमावल्यांमध्ये एकेका तुकडीतच वीस-बावीस शिपाई लागतात. तिकडे नंतर जाता येतं, कारण चार-चारचे बेस शेजारी लावले की मोठी तुकडी होतेच.

जोडणी करताना घाई नको. निपरने तुकडे फ्रेममधून कापा, साच्याची जी बारीक रेघ उरते ती ब्लेडच्या पाठीने खरवडा, आणि प्लास्टिकसाठीचं पातळ सिमेंट ब्रशने लावा. हे सिमेंट प्लास्टिक किंचित विरघळवून सांधा एकजीव करतं. फेविक्विकने चिकटवलेला हात टेबलावरून पडला की निखळतो. ढाली मात्र आत्ता चिकटवू नका. त्या आइस्क्रीमच्या काड्यांवर दुहेरी टेप लावून ओळीने वेगळ्या ठेवायच्या आणि शेवटी बसवायच्या. फक्त ढाल जिथे दंडाला टेकते तिथला रंग चिकटवण्यापूर्वी खरवडून काढा, नाहीतर गोंद रंगाला धरतो, प्लास्टिकला धरत नाही.

आणि चिकटवण्यापूर्वी सुकी जुळवणी करा. हे मी शिकलो ते पहिल्या सैन्याच्या वेळी. ६० मिमीत चार माणसं म्हणजे एकाला १५ मिमी, आणि ढाल १६ मिमीची. हिशेब सरळ आहे: ढाली एकमेकींवर चढणारच. खऱ्या फॅलँक्समध्येही, म्हणजे हॉप्लाइट्सच्या खेटून उभ्या रांगांत, त्या तशाच चढत, म्हणजे गणित इतिहासाला धरून आहे. पण मी चारही ढाली एकाच कोनात चिकटवल्या, तीन बेसांचे शिपाई रंगवून वार्निश केले आणि मग चौथा शिपाई बेसवर बसेना. आता मी चौघांना आधी ब्लूटॅकवर (पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी) उभं करून बघतो, एकाची ढाल जरा पुढे, दुसऱ्याची जरा तिरकी. कुणाच्या शेजारी कोण ते पायाखाली पेन्सिलने लिहून ठेवतो आणि मगच पुढे जातो. भाले प्लास्टिकचे असतील तर त्यातले निम्मे वर्षभरात मोडतील. २ ते २.५ मीटरचा भाला या प्रमाणात ४० मिमीच्या आसपास भरतो. तेवढी पितळी तार कापून मुठीला बारीक ड्रिलने भोक पाडून बसवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. टोकं फार अणकुचीदार करू नका. माझ्या पुतण्याचा तळहात साक्षीला आहे.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. इथे मी परदेशी व्हिडिओ बघून फसलो. जुलै महिना, ठाण्यातली गॅलरी, हातात स्प्रेचा डबा, समोर चोवीस शिपाई. पाऊस थांबलेला होता म्हणून मला वाटलं चालेल. पण हवेत दमटपणा इतका की फवारा शिपायांवर पडला तो रव्यासारखा. चोवीसच्या चोवीस शिपाई खरबरीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासत दोन रात्री काढल्या तेव्हा ते पुन्हा रंगवण्याजोगे झाले. (फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा, प्लास्टिक मऊ पडत नाही ना.) तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो, स्प्रे फक्त कोरड्या महिन्यांत. उलट एप्रिल-मेमध्ये रंग पॅलेटवरच सुकतो. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला टिशू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला.

प्रायमर काळा की पांढरा यावर लोक भांडतात. मी तपकिरी लावतो. ग्रीक सैन्यात चामडं, कातडी, लाकूड, लोकर, माती हे सगळं तपकिरीच्या कुळातलं. ब्रश जिथे पोचणार नाही ती खाच आपोआप बरोबर रंगाची दिसते.

रंगवायला एका वेळी बारा घ्या. चाळीस घेतले तर पुढे सरकल्यासारखं वाटत नाही, चार घेतले तर प्रत्येक रंगाची बाटली दहादा उघडावी लागते. क्रम आतून बाहेर: त्वचा, कपडे, चिलखत, चामडं, धातू. बाटलीवर त्वचेचा रंग म्हणून जे लिहिलेलं असतं ते सहसा फिकट गुलाबी असतं. त्यात तपकिरी मिसळा. भूमध्य समुद्राच्या उन्हात आयुष्य काढलेली माणसं आहेत ती.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याला एक फायदा आहे. ग्रीकांचा स्वस्त तांबडा रंग यायचा मॅडर नावाच्या झुडपाच्या मुळापासून, आणि ते आपल्या मंजिष्ठेचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. मंजिष्ठेने रंगवलेलं सुती कापड पाहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे तो कसा असतो: विटकरी, किंचित नारिंगीकडे झुकणारा. बाटलीतला शेंदरी-लाल तसाच लावला की सैन्य प्लास्टिकचं वाटतं. माझ्याकडे लालाचे चार प्रकार आहेत, एकात तपकिरी, एकात थोडा नारिंगी, एकात मळका पांढरा, चौथा शुद्ध. स्पार्टाचे बेस रंगवतानाही मी या चारांत फेर धरतो. स्पार्टा लालच दिसतो, पण जिवंत दिसतो. बाकीच्यांना न रंगवलेली लोकर द्या: घोंगड्यांत जे जे रंग दिसतात ते सगळे चालतात, मळकट पांढरा, करडा, काळपट तपकिरी. मग मधेच एखादा निळा, एखादा फिका हिरवा. खरा जांभळा शंखापासून निघायचा आणि तो सोन्याच्या भावाचा, म्हणून तो फक्त सेनापतीला, तोही काठापुरता.

लिनोथोरॅक्स म्हणजे खांद्यांवरून पट्टे पुढे आणून बांधायचं पांढरं चिलखत. ते लिननचं होतं की चामड्याचं, यावर अभ्यासक अजून वाद घालताहेत. रंगवणाऱ्याला फरक पडत नाही. थेट पांढऱ्याने सुरुवात केली तर ते चुना फासल्यासारखं दिसतं. फिकट राखाडी-पिवळसर रंगावरून अंड्याच्या कवचाच्या रंगापर्यंत चढा, शुद्ध पांढरा फक्त कडांना. खांद्याच्या पट्ट्यांना आणि खालच्या झालरीला एक बारीक लाल किंवा निळी किनार.

आता कांस्य. संग्रहालयात दिसतं ते कांस्य हिरवं-तपकिरी असतं, कारण ते अडीच हजार वर्षं जमिनीत होतं. शिपायाच्या डोक्यावरचं तसं नव्हतं. तांब्यात थोडं कथील मिसळलेला हा धातू घासला की जवळजवळ सोन्यासारखा दिसतो. चिंचेने घासून उन्हात पालथं घातलेलं पितळेचं पातेलं आठवा, रंग त्याच्या जवळपास. माझी पद्धत: आधी गडद तपकिरी, त्यावर पितळी रंग, खाचा सोडून. मग लालसर-तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, पूर्ण सुकू द्यायचा. शेवटी सोनेरीत थेंबभर चंदेरी मिसळून शिरस्त्राणाच्या माथ्यावर, नाकाच्या पट्टीवर आणि नडगीच्या कडेवर एकेक फटकारा. धातूचे रंग पातळ करताना पाणी थोडंच घाला, नाहीतर चकाकी एका बाजूला वाहून जाते. आणि धातूच्या रंगाचं पाणी वेगळ्या कपात ठेवा. पुढचा आठवडाभर सगळ्या अंगरख्यांवर चमकी दिसायला लागली की मी का सांगत होतो ते कळेल.

डोळे रंगवू नका. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो, बाकी रंगकाम कुणीही करो. तिथे मूर्ती फूटभर उंच आणि आखणारा मुरलेला. इथे डोकं चार मिमीचं, त्यावर शिरस्त्राणाची सावली. वॉश त्या खाचेत बसला की लांबून डोळे आपोआप भासतात. पांढरा ठिपका दिलात तर शिपाई दचकल्यासारखा दिसतो, आणि दचकलेले चाळीस जण रांगेत उभे असले की हसू येतं.

आता ढाली. इथे हवा तेवढा वेळ घ्या.

पाचव्या शतकात ढालीवरची चिन्हं बहुतेक ज्याची त्याने ठरवलेली. मडक्यांवरच्या चित्रांत बैलाचं डोकं, साप, कोंबडा, डॉल्फिन, तिवई, चंद्रकोर, चाक, तीन पायांचं फिरतं चिन्ह, गॉर्गन राक्षसिणीचं तोंड, काहीही सापडतं. चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे अथेन्सचा सेनापती अल्किबायाडीस याच्या ढालीवर वज्र धरलेला कामदेव, म्हणजे इरॉस, होता आणि लोकांना तो फाजीलपणा वाटला. शहराचं एकच चिन्ह सगळ्यांना, ही पद्धत हळूहळू येते. सिसिऑनचा सिग्मा (ग्रीक ‘स’), मँटिनीआचा त्रिशूळ, थीब्सची गदा. स्पार्टाच्या लॅम्डाचा (ग्रीक ‘ल’) आधार म्हणजे अथेन्सचा विनोदी नाटककार युपोलिस. त्याच्या एका तुटक ओळीत कुणी तरी चमकणारे लॅम्डा पाहून गर्भगळित होतो. हा पुरावा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तुमच्या ४३१ नंतरच्या स्पार्टनांना लॅम्डा शोभेल, ४८० च्या थर्मोपिलीच्या लढाईतल्यांना तो देण्याइतका पुरावा नाही.

या अक्षरांवर माणसं किती विसंबत, त्याचा एक किस्सा झेनोफनने सांगितलाय. इ.स.पू. ३९२, कॉरिंथच्या लांब तटबंदीच्या आत लढाई चाललेली. सिसिऑनचे लोक अर्गोसवाल्यांपुढे मागे हटताहेत. स्पार्टाचा पॅसिमॅकस थोडेसे घोडेस्वार घेऊन तिथे होता. त्याने घोडे झाडांना बांधले, सिसिऑनवाल्यांच्या ढाली घेतल्या आणि पायीच अर्गोसवाल्यांवर चालून गेला. त्यांनी ढालींवरचे सिग्मा पाहिले, म्हणाले हे तर सिसिऑनचेच, आणि बेफिकीर राहिले. हे सिग्मा तुम्हाला फसवणार आहेत, असं पॅसिमॅकस ओरडल्याचं झेनोफन लिहितो. तो तिथेच लढताना मेला. माझ्या सैन्यात एक बेस असा आहे: चार स्पार्टन, लाल कपडे, आणि ढालींवर सिग्मा. माहीतगार माणूस तो बेस उचलून बघतो, बाकीच्यांना तो चुकलेला वाटतो.

दुसरा प्रसंग ३६२ चा, मँटिनीआच्या लढाईच्या आधीचा. घोडेस्वार शिरस्त्राणांना पांढरा रंग देताहेत, आर्केडियाचे हॉप्लाइट आपण थीब्सचेच असल्यासारखी ढालींवर गदा काढताहेत, सगळे भाल्यांना धार लावताहेत, ढाली घासताहेत. हेही झेनोफनचंच वर्णन. मला ते वाचताना नेहमी आमची शनिवारची बैठक आठवते. फरक इतकाच की त्यांना दुसऱ्या दिवशी त्या ढालीमागे स्वतः उभं राहायचं होतं.

चिन्ह काढायचे दोन मार्ग. तयार ट्रान्सफर, म्हणजे ओली करून चिकटवायची छापील चिन्हं, मिळतात, कात्रीने ढालीच्या कडेच्या आत बसेल असं कापायचं, ओलं करायचं, कागद सरकवायचा. ढाल फुगीर असल्याने सपाट ट्रान्सफरला सुरकुती पडते. कडेला दोन-तीन बारीक व्ही-कट घ्या आणि वर मऊ करणारं द्रावण लावा, म्हणजे ट्रान्सफर ढालीच्या फुगवट्यावर चपखल बसतं. पारदर्शक छपाई असेल तर खाली ढाल पांढरी हवी. मग ट्रान्सफरचं नवेपण मोडण्यासाठी त्यावर पातळ तपकिरी वॉश, दोन-चार ओरखडे, आणि कडेला पुन्हा पितळी रंग.

दुसरा मार्ग हाताने काढायचा. तीन पायांचं चिन्ह करून बघा, दिसतं तेवढं अवघड नाही. ढाल काळी करा, पूर्ण सुकू द्या. मधोमध पांढरा ठिपका. घड्याळाच्या बारा, चार आणि आठवर कडेपासून दोन मिमी आत तीन ठिपके. मधल्या ठिपक्यापासून प्रत्येकाकडे एक रेघ, पण सरळ नाही, अर्ध्यावर गुडघ्यात वाकलेली, तिन्ही एकाच दिशेला. टोकाला छोटं पाऊल. आता ते ओबडधोबड दिसेल, दिसू दे. पुन्हा काळा घ्या आणि बाहेरून कापत कापत पाय सडपातळ करा. सुंदर रेघ काढता येण्यापेक्षा वाईट रेघ पुसता येणं जास्त उपयोगाचं आहे. ब्रश १ नंबरचा, चांगल्या टोकाचा. शून्य-शून्यचा घेतलात तर ढालीपर्यंत पोचायच्या आत रंग टोकावरच सुकतो. चाळिसांपैकी दहा-बारा ढाली अशा हाताने करा, बाकी ट्रान्सफर किंवा साधे रंग: अर्धी लाल अर्धी पांढरी, नुसती काळी, नुसतं घासलेलं कांस्य. काही ढालींना समोरून पूर्ण कांस्याचा पत्रा असे. ४२५ मध्ये पायलॉस या ठिकाणी स्पार्टनांकडून जिंकलेल्या अशा एका ढालीचा पत्रा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. अथेनियनांनी ती कुणाकडून आणि कुठून आणली ते त्यावर ठोके मारून कोरलंय.

ढालीची आतली बाजूही रंगवा. हे कुणी सांगत नाही, पण खेळताना तुम्ही दोन-अडीच तास स्वतःच्या सैन्याची पाठच बघता! समोरच्याला चिन्हं दिसतात, तुम्हाला दंड अडकवायचा पट्टा, कडेची दोरी, शिरस्त्राणाची मागची शेंडी आणि पाठीवरचे केस. आत तपकिरी किंवा लाल, पट्ट्याला एक पितळी रेघ, बस.

बेस. शिपाई विकणाऱ्यांच्या चित्रांत ते हिरव्यागार लॉनवर उभे असतात. ग्रीसमध्ये मोहिमा पिकं कापणीला येत तेव्हा निघत. जमीन फिकट, चुनखडीची, गवत वाळलेलं. मार्च-एप्रिलमधला जेजुरी-सासवडकडचा माळ डोळ्यांपुढे आणा, फार चुकणार नाही. फेविकॉल पाण्यात किंचित पातळ करून लावा, चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू टाका, गडद मातकट रंग, त्यावर खाकी ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश वरवर फिरवायचा), शेवटी फक्त उंचवट्यांवर मळका पांढरा. वाळलेल्या गवताचे तीन-चार झुबके. कॉर्कचा तुकडा मोडला की बरोब्बर खडक होतो.

हलके सैनिक आणि घोडदळ याबद्दल थोडंच, कारण ते थोडेच लागतात. इतिहासकार थ्युसिडिडीस ४३१ मधल्या अथेन्सचा आकडा देतो: १३,००० हॉप्लाइट आणि घोड्यावरचे धनुर्धारी धरून १,२०० स्वार. दहाला एक, म्हणून एक बेस पुरतो. रिकीब नाही, खोगीर नाही, फार तर पाठीवर कापड. पेल्टास्ट, म्हणजे हलके भालाफेके, मात्र घ्या. चंद्रकोरीची ढाल, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, पट्ट्यापट्ट्यांचं थ्रेसचं कांबळं. रंगवायला सगळ्यात मजेदार. आणि युद्धातही नगण्य नव्हते. ३९० च्या सुमारास कॉरिंथच्या लेखायॉन बंदराजवळ अथेन्सचा सेनापती इफिक्रॅटीस याच्या पेल्टास्टनी स्पार्टाची सहाशेची एक तुकडी लांबूनच भाले फेकून मोडली. गोफणवाले दोन-चार ठेवा. शिशाच्या गोळ्यांवर ते "घे" असं कोरून फेकत, म्हणजे थट्टेची खोड जुनीच आहे.

वार्निश दोनदा करा: आधी चकचकीत, टिकावासाठी, मग मॅट, दिसण्यासाठी. मॅटचा स्प्रेही पावसाळ्यात मारू नका, पांढरी बुरशी आल्यासारखा थर चढतो. मॅटने धातूची चमक मरते, ती ढालीच्या कडांवर आणि शिरस्त्राणावर पुन्हा एका फटकाऱ्यात परत आणा. बेसखाली चुंबकी शीट, आणि ठेवायला पत्र्याचा डबा. फराळाचा चालतो, आईची हरकत नसेल तर.

बहिणीला सांगायची यादी: ढालींच्या ट्रान्सफरचे दोन-तीन पत्रे, पेल्टास्टचं एक छोटं पाकीट, तीन घोडेस्वार, चांगला १ नंबरचा ब्रश. शक्यतो त्याच कंपनीचे शिपाई आणायला सांगा. २८ मिमी लिहिलेलं असलं तरी एकाचा माणूस दुसऱ्याच्या खांद्याला लागतो. दिवाळीच्या किल्ल्यावर गवळण बुरुजाहून उंच असते ते खपून जातं, एका रांगेत खपत नाही. आणखी हॉप्लाइट्स मागवू नका. मागवाल हे मला ठाऊक आहे, पण निदान पहिले तीन बेस पुरे झाल्यावर.